सातपुड्याच्या पायथ्याची कॅराव्हॅन: एका गळतीवरून सीलंटची निवड

पार्श्वभूमी

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला केळीची शेती असलेल्या एका कुटुंबाने शेतावर पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय केली आणि त्यासाठी गाडीमागे ओढायची एक कॅराव्हॅन बांधून घेतली. पावसाळ्यात मनुदेवीच्या देवळाकडे आणि पाल या थंड हवेच्या ठिकाणी येणारी मंडळी तिच्यात उतरत. डिसेंबरात ती सारंगखेड्याच्या यात्रेला भाड्याने जाई आणि अधूनमधून तोरणमाळचा घाटही चढे. मालकांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

बांधणी आपल्याकडच्या फॅब्रिकेटरची. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, भिंतींना ॲल्युमिनियमचा पत्रा, आत इन्सुलेशन आणि प्लायवूड, वर फायबरचं एकसंध छत. छत साडेचार मीटर लांब, २.१ मीटर रुंद. छत आणि भिंत जिथे मिळतात त्या कडेवर चारही बाजूंनी गडद तपकिरी ॲल्युमिनियमची २५ मि.मी. एल-पट्टी स्क्रूने बसवलेली. छतावर मधोमध हवेची झडप, पुढच्या भागात सोलर पॅनेलचे चार पाय आणि पॅनेलची केबल आत उतरते ते भोक.

पहिल्या वर्षी थेंबही आला नाही. तरी मालक दर मे महिन्यात हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक सिलिकॉनच्या दोन-तीन नळ्या आणून पट्टीच्या कडेने, स्क्रूंच्या डोक्यांवर आणि झडपेभोवती फिरवून घेत. काळजी होती, हेतू चांगला होता. पुढे सगळ्यात जास्त मेहनत मात्र याच थरांनी घ्यायला लावली.

अडचण

तिसऱ्या वर्षी जूनच्या सुरुवातीला वादळी पाऊस आला. रावेर-यावल पट्ट्यात केळीचे बाग आडवे करणारा हा पाऊस वरून पडत नाही, आडवा मारतो. दुसऱ्या दिवशी पलंगावरच्या छताच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं आणि भिंतीचं प्लाय फुगलं होतं. पाणी झडपेतूनच येतं याबद्दल मालकांना खात्री होती, कारण छताला दिसण्यासारखं भोक तेवढंच. फॅब्रिकेटरचा सल्ला होता, “अण्णा, अजून एक हात सिलिकॉनचा मारून देतो, पावसाळा निघून जाईल.”

पहिला निर्णय इथेच घ्यायचा होता: गळती कुठे आहे ते न कळता सीलंट (जोडातून पाणी शिरू नये म्हणून भरतात तो सिलिकॉनसारखा चिकट पदार्थ) लावायचं की आधी शोधायचं? मालकांनी शोधायचं ठरवलं, आणि पुढचं सगळं काम त्यामुळे वाचलं.

गळती शोधताना

पाणी जिथे ठिबकतं तिथून आत आलेलं नसतं. ते सांगाड्याच्या पाइपवरून वाहत जाऊन उताराच्या टोकाला पडतं. ही कॅराव्हॅन पुढचं छोटं चाक खाली घेऊन किंचित नाक खाली करून उभी असे, त्यामुळे छतावर कुठेही शिरलेलं पाणी पुढच्या कोपऱ्यातच निघालं असतं.

उघाडीच्या दिवशी पाइपने पाणी सोडून तपासणी झाली. त्यातली शिस्त महत्त्वाची. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्या जोडांवरून जातो आणि कुठला जोड दोषी ते कळत नाही. एका टप्प्यावर दहा मिनिटं साधी धार सोडायची. प्रेशर वॉशर वापरायचा नाही, तो चांगल्या जोडातही पाणी घुसवतो. एकाने बाहेर राहायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन.

खिडक्यांखाली कोरडं. पुढच्या भिंतीवर कोरडं. डाव्या कडेच्या पट्टीवर धार येताच थोड्या वेळात आत थेंब दिसला. सोलरच्या चारपैकी दोन पायांखालीही ओल आली. झडपेभोवती दहा मिनिटं पाणी सोडलं, आत काही नाही.

पट्टीवरचं सिलिकॉन बोटाने उचललं तर लांबच लांब दोरीसारखं निघून आलं. वरून अखंड दिसणारा थर फायबरला चिकटलेलाच नव्हता, आणि त्याच्या मागे पाणी साचून राहत होतं. खाली ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरली होती, स्क्रू गंजले होते. बसवलेले स्क्रू ड्रायवॉलचे, म्हणजे घरात जिप्सम बोर्डाला वापरतात ते काळे स्क्रू होते, जे उघड्यावर टिकतच नाहीत.

असं का झालं

तीन कारणं एकत्र आली होती.

लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं. काचेला ते छान धरतं. ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा आणि लोखंड यांना मात्र ते खातं. कॅराव्हॅनच्या बाहेरच्या अंगावर जवळजवळ प्रत्येक जोडात यापैकी काहीतरी असतंच.

दुसरं कारण पृष्ठभाग. उन्हाने फायबरचा वरचा थर खडूसारखा भुकटतो आणि त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ बसते. फडक्याने पुसून लावलेलं सीलंट त्या भुकटीला चिकटतं, छताला नाही. शिवाय जुन्या, धूळ बसलेल्या सिलिकॉनवर काहीच नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. म्हणजे दरवर्षीचा नवा थर जुन्यावर नुसता पडून होता.

तिसरं कारण सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित: जोडाची हालचाल. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला ०.०२३ मि.मी. वाढतं, लोखंड ०.०१२ मि.मी. हिवाळ्यातल्या पहाटेचे १५ अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी गडद पट्टीचे ६५ अंश धरले, तर साडेचार मीटरची पट्टी सुमारे ५.२ मि.मी. वाढते. आतला सांगाडा इन्सुलेशनमागे असल्याने त्याचं तापमान फार तर २५ अंशांनी बदलतं आणि तो १.३५ मि.मी. वाढतो. फरक ३.८ मि.मी. उरतो. तो कुठेतरी जाणारच: स्क्रूंची भोकं रुंद होतात आणि सीलंटचा पातळ थर फाटतो. घाटातल्या वळणांवर सांगाडा पिळला जातो तो भार वेगळाच.

थोडक्यात, एका अखंड पट्टीला बारीक रेघेसारखं सीलंट लावून कुठलीही कंपनी ही गळती थांबवू शकली नसती.

पर्याय

*पुन्हा सिलिकॉन.* नाकारलं, कारण वर आलंच आहे. वास न येणारं न्यूट्रल सिलिकॉन धातूला खात नाही आणि उन्हात उत्तम टिकतं, पण त्यावर रंग बसत नाही आणि पुढच्या दुरुस्तीला तीच अडचण. त्याची जागा खिडकीची काच आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये, तेवढीच.

*डांबरी चिकटपट्टी.* स्लॅबवर वापरतात ती. स्वस्त आणि लगेच मिळणारी. खान्देशच्या उन्हात डांबर मऊ होऊन ओघळतं, आणि एकदा त्याचा डाग फायबरवर बसला की पुढे दुसरं काही चिकटवणं कठीण.

*छतभर पांढरं वॉटरप्रूफिंग कोटिंग.* मोह होण्यासारखा पर्याय, छत थंडही राहतं. पण हलणाऱ्या जोडावर कोटिंग चिरतं, सिलिकॉनच्या अवशेषांवर सुटतं आणि गळती कुठे आहे ते झाकून टाकतं. जोड दुरुस्त झाल्यावर विचार करू, असं ठरलं.

*परदेशी व्हिडिओत दिसणारं आपोआप पसरणारं लॅप सीलंट.* अमेरिकी ट्रेलरांवर बहुधा ईपीडीएम किंवा टीपीओ रबरी पडद्याचं सपाट छत असतं, हे सीलंट त्यासाठी बनलेलं आहे. आडव्या जागी ते स्क्रूंभोवती सुरेख बसतं. इथला मुख्य जोड कडेवरचा, उतरता. तिथे ते वाळायच्या आत भिंतीवरून ओघळलं असतं.

*सगळीकडे पीयू.* पॉलियुरेथेनची पकड जबरदस्त आणि ते सहज मिळतं. पण थेट उन्हात त्याचा वरचा थर पिवळा पडून भेगाळतो. त्यातली काही रसायनं ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, एबीएस अशा प्लास्टिकला तडे पाडू शकतात, म्हणजे झडपेजवळ धोका. आणि उद्या पट्टी उघडायची झाली तर पत्राच वाकेल.

*ब्यूटाइल टेप आणि वरून एमएस पॉलिमर.* ब्यूटाइल म्हणजे रबरासारखा मऊ, चिकट टेप, तो कधीच पूर्ण वाळत नाही. पट्टीखाली दाबलं गेलं की भोकांत आणि खाचांत शिरतं आणि हालचालीबरोबर ताणलं जातं. उन्हात उघडं ठेवायचं नाही, हे त्याचं पथ्य. एमएस पॉलिमर हे नळीतून लावायचं सीलंट फायबर, ॲल्युमिनियम, रंगवलेलं लोखंड या तिन्हींना धरतं, ऊन सोसतं, त्यावर रंग बसतो आणि गरज पडल्यास कापून काढता येतं. किंमत साध्या सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त.

निवड शेवटच्या पर्यायाची झाली, पण सरसकट नाही. तळाकडे, चाकांच्या कमानीत आणि फरशीच्या प्लायला सांगाडा मिळतो तिथे ऊन नाही, दगड-चिखलाचा मार आहे. तिथे पीयूच योग्य. सीलंटचा ब्रँड विचारण्याआधी प्रत्येक जोडाला तीन प्रश्न विचारायचे: दोन्ही बाजूंना काय आहे, किती हलतं आणि हे पुन्हा उघडावं लागेल का?

कधी करायचं

हा निर्णय सगळ्यात जड गेला. पावसाळा तोंडावर, पावसाळी बुकिंग घेतलेलं. लगेच केलं असतं तर ओलं प्लाय आणि इन्सुलेशन आतच बंद झालं असतं. पिनांच्या ओलावा-मापकाने प्लायमध्ये २० टक्क्यांवर आकडा दाखवला, आणि त्या पातळीला लाकूड कुजायला लागतं. बुकिंग रद्द करून कॅराव्हॅन केळी भरायच्या शेडमध्ये उभी केली, आतलं फुगलेलं प्लाय उतरवलं, पंखे लावले. मापक सगळीकडे १५ टक्क्यांखाली आल्यावरच काम ठरलं.

ते ऑक्टोबरअखेर सुरू झालं, आणि खान्देशात याच कामाला तो हंगाम चांगला. पीयू, एमएस, सिलिकॉन, तिन्ही हवेतल्या बाष्पावर वाळतात. मे महिन्यात दुपारी हवा कोरडीठाक असते, वाळणं रेंगाळतं आणि तापलेला पत्रा दिवसभर सरकत राहतो, त्यामुळे ओलं सीलंट सुरकुततं. पावसाळ्यात पृष्ठभाग ओला, त्यात पीयूला बुडबुडे येतात.

काम

आधी चाचणी. छताच्या मागच्या कोपऱ्यात तीन ठिकाणी एमएसची बोटभर लांब रेघ ओढली: एक नुसत्या पुसलेल्या फायबरवर, एक घासून साफ केलेल्यावर, एक सिलिकॉन खरवडून काढलेल्या जागी. आठवड्याने एक टोक कापून प्रत्येक रेघ मागे ओढली. घासलेल्या जागी सीलंट स्वतःतच फाटलं, पण सुटलं नाही. हवं ते हेच. उरलेल्या दोन्ही जागी ते सालासारखं स्वच्छ निघालं. एका नळीच्या अंशात मिळालेली ही माहिती साऱ्या खर्चाला पुरून उरली.

त्यामुळे सिलिकॉन काढण्याला घाई केली नाही. क्रम असा: प्लास्टिकच्या पट्टीने खरवडणं, सिलिकॉन रिमूव्हर लपलेल्या जागी तपासून मग लावणं, स्कॉच-ब्राइटने घासणं, पुसणं. आणि त्यानंतरच १८० नंबरचा सँडपेपर. आधी सँडपेपर मारला तर सिलिकॉन ओरखड्यांत भरून कायमचं बसतं. फायबर घासताना मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच, काचेची पूड असते ती. शेवटी पाण्याचा फवारा मारून पाहिलं: पाणी सलग पसरलं तर जागा साफ, फाटून थेंब झाले तर सिलिकॉन शिल्लक. दोनदा मागे जावं लागलं.

पट्टी पूर्ण उतरवली. लांब बाजूंच्या पट्ट्या दीड-दीड मीटरच्या तीन तुकड्यांत कापून मध्ये ६ मि.मी. फट ठेवली. हिशेब असा: दीड मीटरला सांगाड्याशी फरक १.३ मि.मी. पडतो, म्हणजे ६ मि.मी.च्या फटीत सुमारे २२ टक्के हालचाल. निवडलेलं सीलंट अधिक-उणे २५ टक्के हालचालीचं होतं, म्हणून बसलं. फट ४ मि.मी. ठेवली असती तर बसलं नसतं. प्रत्येक तुकड्याचं मधलं भोक घट्ट ठेवलं, बाकीची लांबट केली.

पट्टीच्या दोन्ही अंगांना ३ मि.मी. जाडीचा ब्यूटाइल टेप लावला, एकूण सुमारे २७ मीटर. नवे स्क्रू ३०४ स्टेनलेसचे. ते एकदम आवळले नाहीत. मधून टोकांकडे थोडे थोडे आवळले, टेप कडेने किंचित बाहेर येईपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाहेर आलेला टेप कापून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) दोन फडक्यांनी पुसलं: एकाने ओलं पुसायचं, द्रव उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. एकच फडकं वापरलं तर मळ नुसता पसरतो.

फटींच्या तळाला पॅकिंगची प्लास्टिक चिकटपट्टी टाकली, म्हणजे एमएस दोन टोकांनाच धरेल, तळाला नाही. तळालाही धरलं तर ताणायला जागा राहत नाही आणि सीलंट मधोमध फाटतं.

वरच्या कडेला दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून १० बाय १० मि.मी.ची तिरकी रेघ भरली. मीटरला ५० मि.लि., १३.२ मीटरला ६६० मि.लि. वाया जाणारं धरून आणि सोलरच्या पायांसाठी २९० मि.लि.च्या चार नळ्या पुरल्या. पांढराच रंग घेतला, काळा तापतो. पट्टीच्या खालच्या कडेला मुद्दाम काही लावलं नाही. चुकून पाणी आत शिरलंच तर त्याला बाहेर पडायला वाट हवी.

पृष्ठभाग ३५ अंशांखाली असतानाच काम केलं आणि वर केळीच्या टिश्यू रोपांच्या नर्सरीतली हिरवी शेडनेट ताणली. त्यामुळे सकाळ-दुपारच्या तापमानातला फरक कमी झाला आणि ओलं सीलंट खेचलं गेलं नाही. पहिल्या दिवशी साधारण ३ मि.मी. वाळतं, पण पुढे वेग मंदावतो: जाडी दुप्पट तर वेळ चौपट. म्हणून आठवडाभर कॅराव्हॅन जागची हलवली नाही.

सोलरचे पाय भोकं बुजवून नुसते चिकटवावेत का, यावर चर्चा झाली. हमरस्त्यावरच्या वेगात वारा पॅनेल वर उचलतो, आणि फायबर खालच्या थराला किती धरून आहे ते दिसत नव्हतं. म्हणून स्क्रू सांगाड्यातच ठेवले, खाली ब्यूटाइल, डोक्यांवर एमएस. झडप उघडली नाही. गळत नसलेला जोड उकलून नवी गळती का निर्माण करायची? फक्त वरचं सुटं सिलिकॉन काढलं, म्हणजे पुढच्या तपासणीत कड दिसेल.

परिणाम

पुढच्या मे महिन्यात पट्टीच्या दोन ठिकाणांहून ब्यूटाइल ओघळून बाहेर आलं. उष्णतेत हे होतंच. प्लास्टिक पट्टीने कापून स्क्रू पाव फेरा आवळले. जूनच्या वादळात कडा कोरड्या राहिल्या.

एक जागा मात्र फसली: सोलरची केबल. भोकात एमएस भरून केबल सोडली होती. केबलच्या वेष्टणाचं प्लास्टिक पॉलिइथिलीनच्या जातीचं, त्याला बहुतेक सीलंट धरतच नाहीत. वाऱ्याने केबल हलली आणि भोवती केसाएवढी फट पडली. मग दोन केबलींची छतावर बसणारी डबी आणून ती घासलेल्या फायबरला एमएसने चिकटवली. आत रबरी ग्लँड, म्हणजे आवळायची कडी, केबलला घट्ट धरते आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला आहे, म्हणजे थेंब तिथून गळून पडतो.

वेगळं काय करता आलं असतं

बांधतानाच छत भिंतीवर २५-३० मि.मी. खाली वळवून ओघळपट्टी केली असती, तर हा जोड सीलंटच्या भरवशावर राहिलाच नसता. पट्टीचे तुकडे, लांबट भोकं आणि स्टेनलेस स्क्रू यांचा जादा खर्च तेव्हा नगण्य होता.

केबलची चूक चाचणीत पकडता आली असती. फायबरवर तीन रेघा ओढल्या तशी एक केबलच्या तुकड्यावर ओढायला हवी होती. प्रत्येक वेगळ्या पृष्ठभागाला वेगळी चाचणी लागते.

पहिल्या वर्षीचं सिलिकॉन टाळण्यासाठी कुणी तज्ज्ञ लागत नव्हता. नळीच्या मागे ‘ॲसिटॉक्सी’ (म्हणजे वाळताना ॲसिटिक आम्ल सोडणारं) लिहिलेलं असतं, तेवढं वाचलं तरी पुरे.

आता कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवला आहे: कुठल्या जोडात कुठलं सीलंट, कोणत्या महिन्यात. तपासणी वर्षातून दोनदा, एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरात. त्याच कागदावर लाल अक्षरांत न भरायच्या जागा आहेत: खिडक्यांच्या चौकटीखालची पाणी निघायची भोकं, आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या कप्प्यातली तळाची जाळी. गॅस हवेपेक्षा जड असतो. ती जाळी पाणी येतं म्हणून कुणी सीलंटने बुजवली, तर गळलेला गॅस आतच साठतो.